पंधरा दिवस दम धरा

सोमवार, ४ मार्च

तेवीस वर्षं वॉर्डात काढली आणि आज एकदम खोली मिळाली. खोली म्हणजे पूर्वी सलाईनचे खोके ठेवायचे ती. अजून पुठ्ठ्याचा वास येतो. खिडकी नाही. दोन खुर्च्या, एक टेबल, तीन पायांवर उभा कॅमेरा. दारावर पाटी: चाचणी समन्वयक. दम्याचा एक नवा पंप आलाय, तो खरंच चालतो का ते माणसांवर पाहायचं. मे अखेरपर्यंत साठ माणसं लागणार. त्यांना सगळं समजावून सांगायचं, त्यांची राजीखुशी घ्यायची, सही घ्यायची, आणि हे सगळं कॅमेऱ्यात आलं पाहिजे.

मोठे डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, अख्ख्या इस्पितळात तुम्हालाच निवडलं, कारण तुम्ही पेशंटला काहीही पटवू शकता." खरंय ते. सुईला घाबरून पलंगाखाली लपलेला पैलवान मी बाहेर काढलाय.

संमतीपत्रक बावीस पानी आहे. घरी यांना दाखवलं. हे डेपोत बसगाड्यांच्या इंजिनांशी बोलतात, माणसांशी कमी. पानं उलटून म्हणाले, "आपलं लग्न एका सहीत झालं की गं."

गुरुवार, ७ मार्च

वैताग. चार दिवसांत तीन माणसं.

पहिल्या गृहस्थांनी बावीसच्या बावीस पानं वाचली, तेराव्या पानावर 'क्वचित प्रसंगी मृत्यू' दिसलं आणि टोपी घालून निघून गेले. दुसऱ्या बाईंना मी तासभर समजावलं. काही जणांना नवा पंप मिळेल, काही जणांना कोरा, म्हणजे दिसायला तसाच पण आत औषध नसलेला. कोणाला कोणता ते कॉम्प्युटर ठरवणार, मलाही कळणार नाही. त्यांनी मान डोलावली. शेवटी विचारलं, "काय समजलं?" म्हणाल्या, "तुम्ही मला चांगलं औषध देणार." तिसरे आजोबा आत येतानाच पेन उघडून आले. "सही कुठे करायची?"

पालथ्या घड्यावर पाणी. हे पत्रक ज्याने लिहिलं त्याला एकदा माझ्या खुर्चीत बसवायला हवं. एक वाक्य अकरा ओळींचं आहे, आणि त्याच्या शेवटी पोचेपर्यंत कर्ता कोण होता ते मी विसरते.

मंगळवार, १२ मार्च

मार्ग सापडला. कागद बाजूला ठेवायचा आणि बोलायचं. आधी घरची चौकशी, मग आजाराची, मग चाचणीची. माणूस सैल झाला की कागद पुढे. आज एका दिवसात चार झाले, एकूण तेरा. मोठे डॉक्टर खोलीत येऊन पाठ थोपटून गेले.

दुधात माशी पडली ती दुपारी. नीतिसमितीने, म्हणजे चाचणीत माणसांचे हाल होऊ नयेत म्हणून नेमलेल्या पंचांनी, एक निरीक्षक पाठवलाय. डॉक्टर नाही, वकील नाही, निवृत्त पोस्टमास्तर. समितीत म्हणे एक साधा माणूस असावा लागतो, तो हा. कोपऱ्यात स्टूल टाकून बसले आणि मुंगीसारख्या अक्षरात काहीतरी लिहीत राहिले. चौथी सही झाल्यावर त्या माणसाला विचारतात, "तुम्हाला नाही म्हणायचं असतं, तर कसं म्हणाला असता?"

तो हसायलाच लागला. "सिस्टरना? ह्यांना कोण नाही म्हणतं!"

मला बरं वाटलं. मास्तरांनी मात्र तेही लिहून घेतलं.

शुक्रवार, १५ मार्च

आजची बाई लक्षात राहील. इस्त्रीवाल्या मावशी. पंचावन्नच्या पुढच्या, एका इमारतीच्या जिन्याखाली टेबल लावून कपड्यांना इस्त्री करतात. दमा बारा वर्षांचा. वाफ आणि धूळ दिवसभर नाकातोंडात, दुसरं काय होणार. दर महिन्याला आमच्याच बाह्यरुग्ण विभागात येतात. माझ्या ॲप्रनची कॉलर बघून म्हणाल्या, "हे कोणी केलंय? दुमड चुकलीय." मला आवडल्याच.

त्यांना अडचण एकच वाटत होती. चाचणीत शिरायचं तर रोजचा जुना पंप पंधरा दिवस बंद ठेवावा लागतो, म्हणजे नव्याचा गुण स्पष्ट दिसतो. फारच धाप लागली तर वापरायला निकडीचा छोटा पंप देतो आम्ही, फोन नंबरही देतो. पण मावशींचा चेहरा उतरला.

"पंप बंद? मग काम कसं होणार, ताई?"

"मावशी, पंधराच दिवस. तुम्ही बारा वर्षं काढलीत. एवढं काय, पंधरा दिवस जरा दम धरा."

"आणि मी नाही घेतला भाग, तर इथलं आपलं महिन्याचं…?"

"अहो, त्याचा काय संबंध! मी आहे ना. माझ्यावर विश्वास आहे की नाही?"

"तो तर आहेच," म्हणाल्या, आणि सही केली. बावीस पानांवर बावीस. मध्ये दोनदा थांबल्या, जिना चढून आल्या होत्या ना.

मास्तरांनी आज पेन खिशात ठेवलं. नुसते मावशी गेल्या त्या दाराकडे बघत बसले. मी म्हटलं, "चहा घ्या." नको म्हणाले. एकूण वीस.

शनिवार, १६ मार्च

लेकीचा नर्सिंगचा अर्ज भरला. बारावीची परीक्षा संपत आलीय, वेळेत काही ठरवायला नको? तिच्या डोक्यात जमीन मोजणीचं खूळ आहे. उन्हातान्हात साखळ्या ओढत फिरणार म्हणे. मी शांतपणे एक तास समजावलं. नोकरीची हमी, ओळखीचं क्षेत्र, माझा अनुभव. वाद नाही, रडारड नाही. शेवटी म्हणाली, "दे. सही कुठे करायची?"

हे पेपर वाचत होते. म्हणाले, "पटलं वाटतं तिला." मी म्हटलं, "पटणारच. मुलीशी बोलायला शिका जरा."

शुक्रवार, २२ मार्च

आठव्या दिवशी प्रत्येकाला फोन करायचा नियम आहे. आज सहा फोन. कोणी उचलत नाही, कोणी बाजारात, कोणाच्या मागे टीव्हीचा गोंगाट. माणसं ना, सही करेपर्यंत आपली असतात.

इस्त्रीवाल्या मावशींनी उचलला, पण आज त्यांना बोलायचाच कंटाळा. विचारलं, "कसं आहे?" तर "बरंय." थांबल्या. "चाललंय." पुन्हा थांबल्या. "कामात… आहे." एकेक शब्द तोलूनमापून. मला पाच फोन अजून करायचे होते, त्यामुळे मीही ताणलं नाही. "निकडीचा पंप लागतोय का?" "कधी… कधी." "शाब्बास मावशी, अर्धी लढाई जिंकलीत. आता निम्मेच दिवस राहिले." हसल्या असाव्यात, खोकला आला.

रकान्यात लिहिलं: तक्रार नाही.

मंगळवार, २६ मार्च

मास्तरांशी जुंपली. एकतीस माणसं झाली, ठरल्यापेक्षा तीन आठवडे पुढे आहोत आपण, आणि हे गृहस्थ म्हणतात, "सिस्टर, तुम्ही फार छान बोलता. तीच मला काळजी आहे."

मी म्हटलं, "मग काय, वाईट बोलू?"

"तसं नाही. माझ्या खिडकीवर लोक पत्र लिहून घ्यायला यायचे. मी हुशारी करून त्यांच्या मनातलं आधीच लिहून टाकायचो. सुबक अक्षर, छान मजकूर. एकदा एका म्हाताऱ्याने पत्र वाचून घेतलं आणि म्हणाला, मास्तर, पत्र चांगलं आहे, पण हे माझं नाही."

"इथे पत्रं लिहीत नाही आपण," मी म्हटलं. "इथे माणसांना श्वास घेता येत नाही, त्यावर औषध शोधतोय."

त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, "ते मान्यच आहे मला." भांडायला आलेला माणूस असं मान्य करायला लागला की आणखी डोकं फिरतं.

गुरुवार, २८ मार्च

मावशींना सकाळी आणलं. ओठ निळे. त्यांची सून रिक्षातून उचलून घेऊन आली. मी ओळखलंच नाही आधी. ऑक्सिजन, नेब्युलायझर, सगळं झालं. वाचतील, असं डॉक्टर संध्याकाळी म्हणाले.

पिशवीत निकडीचा पंप होता. रिकामा. दोनशे फवाऱ्यांचा पंप चौदा दिवसांत रिकामा.

आज ह्यापुढे लिहवत नाही.

शुक्रवार, २९ मार्च

असं काही गंभीर घडलं की चोवीस तासांत नीतिसमितीला कळवावं लागतं. डॉक्टरांनी मजकूर तयार ठेवला होता: 'सहभागी व्यक्तीने त्रास वाढत असतानाही दिलेल्या क्रमांकावर संपर्क साधला नाही.' खाली माझी सही.

वाक्य खरं आहे. मावशींनी फोन केला नाही. नंबर होता, पंपावर चिकटवलेला होता, मी स्वतः चिकटवला होता. मग का नाही केला? आठ दिवसांपूर्वी मी विचारलं तेव्हा तरी सांगायचं! मला खूप राग आलाय, आणि राग नक्की कोणाचा ते सांगता येत नाही. सही केली.

शनिवार, ३० मार्च

मावशी बसत्या झाल्या. मी गेले तर आधी त्याच म्हणाल्या, "ताई, माफ करा."

"तुम्ही कशाला माफी मागताय?"

"एकच दिवस राहिला होता. ऐन शेवटी घोटाळा झाला. तुमचं काम बिघडलं."

मी खुर्ची ओढून बसले. "मावशी, फोन का नाही केलात?"

त्यांनी सुनेकडे बघितलं. सून धुसफुसतच होती. म्हणाली, "रात्रीच्या रात्री बसून काढल्या त्यांनी. आडवं होता येत नव्हतं. मी म्हटलं इस्पितळात चला, तर म्हणे ताईंना शब्द दिलाय, दम धरायचाय."

"तुम्हीच म्हणालात ना," मावशी म्हणाल्या, "पंधरा दिवस दम धरा. मला वाटलं, तोच इलाज. आत धरून ठेवायचा. जेवढा धरू तेवढं औषध लागू पडेल."

मी उगाच त्यांची नाडी बघायला लागले.

"आणि मध्येच सोडलं असतं," त्या हळूच म्हणाल्या, "तर इथलं महिन्याच्या औषधांचं कार्ड गेलं असतं ना? मी विचारलं होतं तुम्हाला. तुम्ही हो-नाही काही बोलला नाहीत."

बोलले होते की! 'त्याचा काय संबंध' म्हणाले होते मी. उठताना मनात तेच घोळत होतं: बोलले होते, बोलले होते.

सोमवार, १ एप्रिल

सकाळी पहिलं काम रेकॉर्डिंग काढलं. एकोणतीस मिनिटं. त्यांतली अठरा मी बोलतेय. मावशींनी एकूण पाच प्रश्न विचारले आणि मी एकाचंही सरळ उत्तर दिलेलं नाही. प्रत्येक वेळी मी हसते, त्यांच्या हातावर हात ठेवते आणि दुसरं काहीतरी म्हणते. 'कधीही, कारण न सांगता बाहेर पडता येईल, उपचार थांबणार नाहीत' हे वाक्य नवव्या पानावर आहे. नववं पान मी सहीपुरतं उघडून लगेच उलटलेलं दिसतं. 'मी आहे ना' असं चार वेळा म्हटलंय.

मग बाकीची रेकॉर्डिंगं लावली. दुपारपर्यंत अकरा पाहिली. अकराच्या अकरांत तोच हात, तेच हसू.

डॉक्टरांकडे गेले. म्हटलं, "शुक्रवारचं पत्र पुरेसं नाही. मला पुरवणी जोडायची आहे."

त्यांनी डोळे चोळले. माणूस वाईट नाही. स्वतःची आई दम्याने गेली त्यांची, ह्या पंपामागे सहा वर्षं आहेत. "सिस्टर, भरती थांबेल. पुन्हा सुरू होईल की नाही, सांगता येत नाही. हे औषध चांगलं निघालं, तर मावशींसारख्या किती बायका रात्री झोपू शकतील, विचार करा."

"केला," मी म्हटलं. "मावशींना तो विचार करायला दिला नव्हता आपण."

"आपण?"

"मी."

त्यांनी टेबलावरचं शुक्रवारचं पत्र माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाले, "लिहा. पण मला आवडलेलं नाही, हेही लक्षात ठेवा." मलाही आवडलेलं नाही. तीन पानं झाली. हाताला घाम येऊन शाई फुटली, पुन्हा लिहिली.

बुधवार, १० एप्रिल

समितीची बैठक. लांब टेबल, सात माणसं, प्रत्येकापुढे पाण्याचा ग्लास. रेकॉर्डिंग सर्वांसमोर लावलं. स्वतःचा गोड आवाज भिंतींवर आपटून परत येताना ऐकणं ही शिक्षा कायद्यात असायला हवी. 'दम धरा' आलं तेव्हा कोणीतरी खाकरलं.

वकीलबाई म्हणाल्या, "ही तर सरळ फूस लावणं झालं." फूस! तेवीस वर्षांत मला कोणी असं बोललं नव्हतं. मी काही म्हणणार तोच मास्तर बोलले. "सिस्टरनी स्वतः कळवलं. आपण पाठवलेलं बावीस पानी पत्रक आपल्यापैकी किती जणांनी पुरतं वाचलं होतं? मी दोनदा वाचलं, आणि मला अजून सातवं पान कळलेलं नाही." वकीलबाईंनी ग्लास उचलला.

निकाल: नवी भरती दीड महिना बंद. पत्रक चार पानांत, साध्या भाषेत पुन्हा लिहायचं. ते घरी न्यायला द्यायचं, दोन दिवस ठेवू द्यायचं, आणि एकतीसच्या एकतीस जणांना नव्याने विचारायचं. विचारणार मीच, मास्तर बसणार. माझ्या नेमणुकीचं त्यानंतर बघतील.

म्हणजे ज्या तोंडाने पटवलं त्याच तोंडाने आता 'नको असेल तर जा' सांगत बसायचं. छान.

शनिवार, १३ एप्रिल

मनात आलं ते करून टाकलं. सकाळी नर्सिंग कॉलेजात जाऊन लेकीचा अर्ज मागे घेतला. येताना वाटलं, चला, एक तरी गोष्ट वेळेत सुधारली. घरी येऊन मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "तुझ्यावर मी जबरदस्ती केली. अर्ज काढून घेतलाय. तू मोकळी."

तिने हातातलं पुस्तक खाली ठेवलं. नर्सिंगचंच होतं, माझं जुनं. "आई, मी गेले पंधरा दिवस ते वाचतेय. मला बरं वाटायला लागलं होतं. जाऊ की नको, ठरवत होते."

"मग सांगायचं नाही का?"

"तू विचारलंस कुठे? भरलास तेव्हाही सांगितलंस, काढलास तेव्हाही सांगितलंस."

हे स्वयंपाकघरातून पाण्याचा तांब्या घेऊन आले, आमच्या दोघींच्या मध्ये ठेवला आणि परत गेले. ह्या माणसाला सगळं आधी कळतं आणि तोंड उघडत नाही, ह्याचाही संताप येतो.

मुदत एप्रिल अखेरपर्यंत आहे. तिने ठरवलं तर ती स्वतः भरेल. मी तिला अजून काही म्हटलेलं नाही. आज दिवसभरात सहा वेळा म्हणणार होते.

गुरुवार, २५ एप्रिल

एकतीसपैकी अठ्ठावीस जणांना विचारून झालं. एकवीस राहिले, सात गेले. गेलेल्या प्रत्येकामागे माझा जीव खालीवर झाला. पण राहिलेल्यांपैकी एका आजोबांनी मला जे प्रश्न विचारले, त्यातले दोन मला आले नाहीत आणि मी डॉक्टरांना विचारून यायला उठले. मास्तर पहिल्यांदाच हसले.

त्या अठ्ठाविसांतल्या शेवटच्या, आज, इस्त्रीवाल्या मावशी. चाचणीतून त्या बाहेरच आहेत, जुना पंप सुरू आहे, चेहऱ्यावर रंग आलाय. त्यांना दोनच गोष्टी विचारायच्या होत्या. सहा महिने तब्येत कशी राहते ते तपासायला बोलवायचं का, आणि पहिल्या दिवशी घेतलेलं रक्त शीतपेटीत आहे, ते पुढच्या संशोधनासाठी ठेवायचं का.

चार पानांचं पत्रक दोन दिवसांपूर्वीच दिलं होतं. त्यांनी ते पिशवीतून काढलं. घडी इतकी नेमकी की इस्त्री केल्यासारखी. सुनेने पेन्सिलीने खुणा केल्या होत्या.

"रक्त ठेवलं तर मला काय होईल, ताई?"

"काही नाही. फायदा नाही, तोटाही नाही."

"मग कोणाला होईल?"

"पुढे कोणाला तरी. कदाचित."

"आणि नको म्हटलं तर?"

"फेकून देऊ. तुमचं कार्ड, तुमचा पंप, तुमचे डॉक्टर, सगळं आहे तसंच राहील."

त्या गप्प बसल्या. मास्तर कोपऱ्यात, कॅमेरा चालू, आणि माझ्या जिभेवर निदान पाच वाक्यं तयार. दम्याच्या दुर्मीळ प्रकाराचं रक्त आहे ते, एवढं चांगलं सापडत नाही. एक वाक्य टाकलं असतं तर काम झालं असतं, मला माहीत आहे. मी दोन्ही हात टेबलाखाली धरून ठेवले. घड्याळ नाही त्या खोलीत, पण चार-पाच मिनिटं तरी गेली असतील. एवढा वेळ समोरच्याला मी आयुष्यात दिला नसेल.

"तपासायला येईन," मावशी म्हणाल्या. "रक्त नको."

"बरं."

"कारण सांगू?"

"सांगायचं असेल तर. नाहीतर नका सांगू."

"मग नाही सांगत," म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे तोंडभरून हसल्या. लिहिलेलं वाचून दाखवायला लावलं, दोन्ही ओळी ऐकल्या, सही केली. निघताना माझी कॉलर दोन बोटांनी सरळ केली आणि गेल्या.

कागद घेऊन मी खाली प्रयोगशाळेत गेले. तिथल्या माणसाने शीतपेटीतून कुपी काढली, नंबर जुळवला आणि हळहळला. "अहो, एवढा चांगला नमुना! जरा समजावायचं होतं सिस्टर. तुम्हाला काय अवघड!"

"नाही म्हणाल्या त्या," मी म्हटलं.

"पण का?"

"विचारलं नाही मी."

त्याने पिवळ्या डब्याचं झाकण पायाने उघडलं. कुपी आत पडली. जीव चुकचुकला माझा, खोटं कशाला लिहू. मी रजिस्टरात वेळ टाकली, चार वाजून दहा मिनिटं, आणि उरलेल्या तिघांना फोन करायला वर गेले.